चांदीचा आवाज खाली जातो

ज्वारी निघाली, कडब्याच्या गंजी लागल्या आणि रान मोकळं झालं की माझे कान टवकारतात. ऐंशी ओलांडलेल्या बाईनं कान टवकारून काय ऐकायचं राहिलंय, असं सून विचारते. पण उन्हाळा लागला की दुपारच्या सामसुमीत मला एक बारीक घूं ऐकू येते. ती माझ्या डोक्यातली नाही, मातीतली आहे, असं मी तिला सांगते. ती हसते आणि ताकाचा गडवा आणून ठेवते.

यंदा ती घूं घरातच आली. नातवानं जमिनीतला धातू शोधायचं यंत्र मागवलं. हलकं, काळं, घडी होणारं, वर बोटभर पडदा आणि त्यावर आकडे. त्याला आणि त्याच्या मित्रांना हा नाद लागलाय. कुणाची अंगठी वावरात पडली, कुणाचा पाना चिखलात गेला, की हे निघाले. रविवारी ओट्यावर बसून यंत्रात काय काय सुधारलं पाहिजे याच्या गप्पा चालतात. वजन कमी पाहिजे, हात भरून येतो. थाळी पाण्यात चालली पाहिजे. बॅटरी दिवसभर टिकली पाहिजे. आपल्या काळ्या मातीत ते उगीच ओरडतं, ते थांबलं पाहिजे. आणि लोखंड लागलं तर त्यानं तोंड मिटून बसावं; बोलायचं ते फक्त सोन्याचांदीवर, पितळेवर.

मी आतून ऐकत होते. शेवटी बाहेर आले आणि म्हणाले, "हे सगळं आम्ही मागून झालंय रे. शेवटचं तेवढं सोडून. ते मागू नका."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. म्हातारी यंत्रावर बोलते म्हणजे तिला ऊन लागलं असणार, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. बरं आहे. मला असल्या तोंडांची सवय जुनी आहे.

पोलीस ॲक्शन होऊन काही वर्षं झाली होती, त्या उन्हाळ्याची ही गोष्ट. आम्ही तेव्हा बोरीला होतो. निजामाचं राज्य गेलं होतं, पण बाजारात त्याचं हाली नाणं अजून वाजत होतं आणि कचेरीतून आलेला माणूस अजून उर्दूतच रागवायचा. ह्यांचं बाजारपेठेत दुरुस्तीचं दुकान होतं. पेट्रोमॅक्स, सायकली, हातातल्या बॅटऱ्या, आणि ज्या दोनचार घरांत रेडिओ होता तिथला रेडिओ. मी परभणीची, सातवीपर्यंत शिकलेली, लग्न होऊन आलेली. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसायचं, तेव्हा मी ह्यांच्याशेजारी बसून तारा सोलायची. तारा जोडायच्या तापलेल्या डाखाचा वास मला चंदनाच्या वासापेक्षा ओळखीचा झाला होता.

एकदा हे सामान आणायला हैदराबादला गेले आणि जुन्या बाजारातून लष्कराच्या भंगारातलं एक यंत्र घेऊन आले. युद्धात जमिनीतले सुरुंग शोधायचं. परातीएवढी लाकडी थाळी, तिला लांबलचक दांडा, पाठीवर अडकवायची एक पेटी आणि कानावर चढवायचे जाड हेडफोन. ह्यांना त्यातले वाल्व्ह काढून रेडिओत घालायचे होते. मी म्हणाले, "आधी मला ऐकू द्या, मग काढा."

तेवढ्या एका हट्टानं पुढचं सगळं झालं.

परसात ते चालू केलं, तर यंत्र रडायलाच लागलं. ना खिळा ना पत्रा, नुसती माती, तरी कानात अखंड घूं. हे म्हणाले, आपल्या मातीतच लोखंडाचा अंश आहे, गोऱ्यांच्या देशातली माती अशी नसेल. बटण फिरवलं की आवाज मिटायचा, चार पावलं गेलं की पुन्हा उठायचा. ऊन चढलं की थाळीचं लाकूड तापून फुगायचं आणि पुन्हा सगळं बिघडायचं. पेटी इतकी जड की खांद्याला वळ उठायचे. दांडा सहा फुटी शिपायाच्या मापाचा. मी धरला की थाळी माझ्यापासून कोसभर लांब. आणि हेडफोन माझ्या अंबाड्यावर बसायलाच तयार नाहीत. ज्यानं कुणी ते बनवलं त्याच्या मनात बाई कधी आलीच नव्हती.

मग आम्ही त्याच्यामागं लागलो. ह्यांनी दांडा कापला. मी थाळीला मेण आणि लाख उकळून पाजली, तिच्यावर ओल्या गोणपाटाची टोपी शिवली. पेटीला कातडी पट्टा लावून ती कमरेवर घेतली, घागर घेतो तशी. अंबाडा सोडून वेणी घालायला लागले. माती बदलली की थाळी हवेत धरून बटण न फिरवता, ती जमिनीवर टेकवून त्या त्या मातीवरच आवाज बसवायचा, हे आम्हाला बऱ्याच दिवसांनी सुचलं. आता नातू म्हणतो, आजी, त्याला ग्राउंड बॅलन्स म्हणतात, माझ्या यंत्रात ते आपोआप होतं. होऊ दे. आमच्यात ते घामानं व्हायचं.

खरा शोध मात्र कंटाळ्यातून लागला. एका दुपारी आवाज पूर्ण मिटवून मिटवून माझी बोटं दुखायला लागली, तेव्हा मी वैतागून म्हणाले, राहू दे थोडी घूं, मला तिचा काही त्रास नाही. तशीच थाळी फिरवली. जमिनीत पुरलेला खिळा आला तेव्हा घूं वर चढली. मग मी पायातलं जोडवं काढून पुरलं होतं ती जागा आली, आणि घूं खाली गेली. विझल्यासारखी.

"इकडं या," मी म्हणाले, "आवाज खाली गेला."

"बिघडलं असंल," हे म्हणाले.

मग आम्ही घरातलं सगळं पुरून बघितलं. सांडशी, विळी, पितळी वाटी, तांब्या, ह्यांच्या सायकलची साखळी, माझ्या हातातले गोठ. लोखंड लागलं की आवाज वर, चांदी-पितळ लागलं की खाली. ह्यांना तो फरक पुसट लागायचा, हातोड्यानं त्यांचे कान जरा बधिर झाले होते. मला लख्ख कळायचा. त्या दिवशी संध्याकाळी भाकरी करताना तव्याकडं बघूनही माझ्या कानात आवाज चढत होता.

हे गावात पसरायला वेळ लागला नाही. पहिले आले ते गुप्तधनवाले. गढीखाली मोहरांचा हंडा आहे, तुम्ही नुसती जागा दाखवा, असं सांगत. हे त्यांना चहा पाजून वाटेला लावायचे. भिवराबाई आली तेव्हा मात्र ह्यांनी तिला चहाही विचारला नाही. हातातलं काम खाली ठेवून ते ऐकत बसले.

भिवराबाई मेंढरंवाल्या घरातली. रझाकारांच्या वर्षी गावंच्या गावं वऱ्हाडाकडं निघाली, तेव्हा तिनं आणि तिच्या नवऱ्यानं घरातली चांदी पितळी चरवीत घातली, तोंडाला फडकं बांधून वर शेण-माती थापली आणि स्वतःच्याच वावरात पुरली. त्या जागेवर सगळी मेंढरं बसवली. मेंढरांनी खुरांनी ती जागा अशी तुडवली की उकरल्याचं नामोनिशाण राहिलं नाही. तिकडं वऱ्हाडात तापानं नवरा गेला. परत आली तर खुणेची बाभळ कुणीतरी खोडासकट उपटून नेलेली, आणि रान नांगरून एकसारखं झालेलं. तिनं जागा दाखवली, उकरलं, काही निघालं नाही. पुन्हा दाखवली, पुन्हा नाही. मग तिचा मोठा दीर सोपान, ज्याला ती भाया म्हणायची, तो चावडीवर बसून सगळ्यांदेखत म्हणाला की चांदी हिनं माहेरी पोचवली. तेव्हापासून वावरातला तिचा हिस्सा गेला, मेंढरं गेली. ती दुसऱ्यांची शेरडं रोजानं राखायची आणि लेकीला घेऊन एका छपरात राहायची.

"चांदी मिळंल न मिळंल," ती ह्यांना म्हणाली, "मी खोटी न्हाई, एवढं तुमच्या मशीनीला सांगायला लावा."

"मशीन माझं ऐकत न्हाई," हे म्हणाले. "हिचं ऐकतं." आणि माझ्याकडं बोट केलं.

आम्ही दुसऱ्याच सकाळी गेलो. वैशाख होता. काळ्या रानाला अशा भेगा पडल्या होत्या की शेरडाचा पाय अडकावा. ओढ्याच्या काठानं लिंबं मोहरलेली, त्यांचा कडवट गोड वास, आणि त्यात मिसळलेला भिवराबाईच्या घोंगडीचा लोकरी वास. ऊन तापायच्या आत जेवढं रान होईल तेवढं करायचं असं ठरलं होतं. मी हेडफोन चढवले. हेडफोन चढवायचे तर पदर मागं टाकावा लागतो. मी टाकला.

पहिले कितीतरी दिवस आम्हाला नुसतं लोखंड मिळालं. बैलाचे नाल, वाकडे खिळे, खुरप्याचं मोडकं पातं, गाडीच्या चाकाच्या धावेचा तुकडा. भिवराबाईची आशा माझ्या आवाजाबरोबर वर चढायची, आणि मी म्हणायची, "वर गेला, लोखंड हाय," तरी ती उकरायचीच. उकरून हातात घ्यायची, बघायची आणि बांधावर ठेवायची. बांधावर माणसं जमायला लागली. "घिसाड्याचं दुकान लावायलाय का," असं कुणीतरी विचारलं. ती म्हणाली, "व्हय, तुमाला इळा पायजे का?"

मग चार शहाणी माणसं ह्यांच्या दुकानात गेली. गावच्या सुनेनं डोईवरचा पदर टाकून, कानाला डबे लावून रानोमाळ फिरावं हे बरं दिसत नाही, घरच्यांना आवरा, असं म्हणाली. तेव्हा मी तिथंच होते. ह्यांनी हेडफोन उचलले आणि बोलणाऱ्याच्या कानाला लावले. थाळीखाली आधी विळा ठेवला, मग वाटी ठेवली.

"फरक कळायलाय?"

"दोन्ही सारखंच हाय."

"मग तुमचा उपयोग न्हाई," हे म्हणाले. "जिला कळतंय तिला जाऊ द्या."

माझ्या सबंध संसारात मला मिळालेला हा सगळ्यात मोठा दागिना. मी तो कधी पुरला नाही.

त्या संध्याकाळी मी बांधावरचं लोखंड बघत बसले होते. भिवराबाई शेजारी बसून तंबाखू मळत होती. मला वाटलं, हे सगळं आलं कुठून? वावरात एवढे खिळे कशाला पडतील? मी तिला विचारलं. ती म्हणाली, आम्ही वऱ्हाडात होतो तेव्हा इथं घिसाडी उतरले होते म्हणे, नाल-खिळे घडवत, उन्हाळाभर.

"कुठं उतरले होते?"

"सावलीलाच उतरत्याल. त्या बाभळीखाली." आणि मळता मळता तिचा हात थांबला.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही चांदी शोधायची सोडली आणि लोखंडच शोधलं. जिथं आवाज वर चढेल तिथं ती एक खडा ठेवायची. दुपारपर्यंत काळ्या रानावर पांढऱ्या खड्यांचं एक दाट वर्तुळ उमटलं. आणि त्याच्या मधोमध, जिथं भट्टी पेटली असेल, तिथं तर घूं खाली यायलाच तयार नव्हती. ती बाभळीची जागा होती. भिवराबाई आजवर तिथून बरीच लांब, भलतीकडंच उकरत होती, कारण ती बांधावरून अंदाज घ्यायची, आणि बांधही मधल्या काळात सरकला होता.

म्हणून मी या पोरांना म्हणते, लोखंडाला गप्प बसवू नका. ज्या यंत्रानं आपण होऊन ठरवलं की हे ऐकण्यासारखं आहे आणि हे नाही, त्या यंत्राला आमची बाभळ सापडली नसती. माणसांनी भिवराबाईचं तेच केलं होतं. ती ओरडून सांगत होती, आणि त्यांनी तिचा आवाज गाळून टाकला होता. मला यंत्र सगळं ऐकवणारं पाहिजे. काय वर गेलं, काय खाली गेलं, ते माझं मी बघेन.

"बाभळीपासून वढ्याच्या अंगाला, काठी फेकली तर पडंल तिथं," असं तिचा नवरा तेव्हा म्हणाला होता. ती त्या वर्तुळात उभी राहिली, हातातली काठी मागं नेली आणि फेकली. काठी पडली त्या जागेकडं तिनं डोळे बारीक करून बघितलं. "त्याचा हात लांब हुता," ती म्हणाली. "आनखी थोडं म्होरं."

ऊन फार चढलं होतं, थाळी तापली होती. उद्या सकाळी यायचं ठरलं. पण बांधावरच्या कुणीतरी ही बातमी सोपानला सांगितली असणार. आम्ही सकाळी गेलो, तर तो बैल जुंपून वावरात हजर. ओढ्याच्या बाजूनंच त्यानं नांगर धरला होता.

हे पुढं झाले. मी म्हणाले, "तुम्ही त्यांच्याशी बोला, मी माझं काम करते." आणि हेडफोन चढवले. एकदा ते कानावर बसले की बाहेरचं काही ऐकू येत नाही. मला नुसती तोंडं दिसत होती. ह्यांचं हळू हलणारं, सोपानचं मोठ्यानं. भिवराबाई बैलांसमोर जाऊन खाली बसली, नांगराच्या वाटेतच, मांडी घालून, जशी जेवायला बसते तशी. बैलांनी तिला हुंगलं आणि ते उभे राहिले. ती रोज शेरडं राखणारी बाई, जनावराला तिची भीती नव्हती. माझ्या कानात मातीची घूं होती, एकसारखी, आणि मी पाऊल उचलत होते आणि टाकत होते. काठी पडली होती ती जागा गेली. पुढं खिळा, वर. सोडला. पुढं काही नाही. काही नाही. मग घूं खाली जायला लागली. खाली, आणखी खाली, जशी विहिरीत घागर सोडावी. मी थाळी फिरवली तरी ती वर येईना. जोडव्याचा आवाज एवढासा होता. हा परातीच्या काठाबाहेर पसरलेला होता.

मी हेडफोन काढले. पहिला आवाज कानावर आला तो सोपानचा.

"नांगराला लागली तरी मला चांदी नको हाय," तो म्हणत होता. "माझा भाऊ तिकडं मेला. मला एवढंच कळू दे, त्याला हिनं फसवलं का न्हाई."

"मग नांगर थांबवा," मी म्हणाले. "आणि इथं येऊन तुम्हीच उकरा."

त्यानं माझ्याकडं बघितलं. डोईवर पदर नाही, गळ्यात तारा, कमरेला पेटी. त्यानं कासरा सोडला आणि आला. कुदळ ह्यांच्या हातातून घेतली. हातभराला जरा कमी गेल्यावर कुदळीखाली बोदा आवाज झाला. पुढचं त्यानं हातानंच उकरलं. चरवी काळी पडली होती, एका अंगानं चेपली होती, तोंडावरच्या फडक्याचा नुसता भुगा राहिला होता. आत माती होती, आणि मातीत तोडे, कडी, गोठ, कमरेचा एक करगोटा.

सोपान चरवी मांडीवर घेऊन बसून राहिला. काठावरची माती अंगठ्यानं पुसून म्हणाला, "ही आमच्या आईची चरवी हाय."

"व्हय," भिवराबाई म्हणाली. "त्यांनीच दिली हुती मला."

तो रडला. तोंड फिरवून, बैलांकडं बघत. मग म्हणाला, "घरी चल. माझी चूक झाली. हिस्सा देतो तुझा, मेंढरं देतो, लेकीलाबी घेऊन चल."

मला वाटलं, झालं. पण ती उठली नाही.

"घरी काय म्हनायलाव, भाया? घरात तुमी मला खोटी म्हनलाच न्हाईत. चावडीवर म्हनलात. जिथं म्हनलात तिथंच म्हना."

"सगळ्याम्होरं?"

"सगळ्याम्होरंच म्हनला हुतात की."

त्यानं हातातली माती चुरगाळून टाकली. मग चरवी तिच्या हातात दिली आणि पुढं चालायला लागला. त्याला वाईट माणूस म्हणायला माझी जीभ आजही वळत नाही. चावडीवर माणसं बसली होतीच. सोपान उभ्यानंच म्हणाला, "मी हिला खोटी म्हनलो, ते खोटं हुतं. कबूल हाय." एवढंच. पंचांनी त्याच बैठकीत वावराचा हिस्सा तिला लावून दिला, मेंढरांची वाटणी झाली. कुणीतरी म्हणालं, देवाची कृपा. भिवराबाईनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "देव पदर टाकून आला हुता." चावडीवरची एकदोन तोंडं पडली, त्याचा मला आनंद झाला. आजही होतो.

यंत्र पुढं बरीच वर्षं आमच्याकडं होतं. वऱ्हाडातून परतलेल्या आणखी काही घरांची भांडी आम्ही काढून दिली, काहींची नाही सापडली. वाल्व्ह गेले, मिळेनासे झाले, मग एक दिवस ते नुसतं लाकूड उरलं. त्याचं मला फार वाईट वाटलं नाही. यंत्रं जुनी होतातच, आणि दर नव्या यंत्राकडून माणसं तेच मागतात. हलकं हो, खोलवर ऐक, उगीच ओरडू नको. मागावंच. आहे ते मुकाट्यानं पाठीवर घेऊन फिरायचं, तर माझ्या कमरेला ती पेटी कधी आलीच नसती.

चावडीवरच्या त्या बैठकीनंतर पुढच्याच बाजाराच्या दिवशी भिवराबाई गावात आली. मी दुकानात तारा सोलत होते. रस्त्यावरची माणसं बाजूला सरायला लागली म्हणून मी मान वर केली. पुढं तिची मेंढरं, मागं ती. पायात तोडे, हातात कडी आणि गोठ, सगळी चांदी चिंचेनं घासून लखलखीत केलेली. विधवा बाईनं असं भर बाजारात अंगभर घालून यावं, हे गावानं कधी बघितलं नव्हतं. एका म्हाताऱ्यानं तिला हटकलं.

"भिवरे, नवरा गेलेल्या बाईला हे शोभतंय का?"

ती थांबली नाही. मेंढरांना हाकतच म्हणाली, "अंगावर असती तर मला कुनी खोटं म्हनलं नसतं, बाबा. आता अंगावरच ऱ्हानार."